चिंध्या, खिळे आणि वल

सकाळी सहाच्या सुमारास मावशी येतात. हौदावरचं फडकं बाजूला करतात, कोपरापर्यंत हात घालून लगदा एकदा ढवळतात आणि मग अंगणात जाऊन आभाळाकडे पाहतात. आज कागद उचलायचा की छापायला बसायचं, ते तिथंच ठरतं. मला विचारायची पद्धत नाही.

"ताई, आज कागद वाळणार नाई. हवेत वल हाय."

वल म्हणजे ओल. वर्ध्यात वर्षातले आठ महिने ही चीज शोधूनही सापडत नाही. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले नऊ दिवस, लागला की दोरीवर टाकलेला ओला कागद तासाभरात कडांकडून आखडतो आणि पापडासारखा वळतो. श्रावणात तोच कागद तीन तीन दिवस दमट राहतो आणि चौथ्या दिवशी त्याला बुरशीचा वास यायला लागतो. त्यामुळे आम्ही दिवाळीनंतर होळीपर्यंत कागद करतो आणि पावसाळ्यात छापतो. उन्हाळ्यात पंख्याखाली बसून चिंध्या निवडतो. मधे कुणाची घाईची ऑर्डर आली तर पंचांग मोडावं लागतं आणि मग त्याची शिक्षाही भोगावी लागते.

आमची जागा म्हणजे दोन खोल्या आणि मागचा टिनाचा मांडव. येणारे लोक तिला स्टुडिओ म्हणतात. बाबा असते तर छापखानाच म्हणाले असते, कारण पुढच्या खोलीत अजून त्यांचंच ट्रेडल छपाईयंत्र उभं आहे. बाबा आयुष्यभर जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवणारे. आधी दुसऱ्याच्या प्रेसमध्ये, मग स्वतःच्या. जिनिंगवाल्यांची पावती-पुस्तकं, लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, तेराव्याची कार्डं, सगळं या एका यंत्रावर निघायचं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आणि ऑफसेट आले आणि चार-पाच वर्षांत काम आटलं. बाबांनी खिळे पोत्यांत भरून भंगारवाल्याला वजनावर दिले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा तो मिश्रधातू, त्यामुळे भाव बरा आला म्हणून भंगारवाला खूश होता. मी त्या दिवशी कॉलेजात होते. घरी आले तर दोन केसेस तेवढ्या उरल्या होत्या, एक बारा पॉइंटची आणि एक सोळाची. ट्रेडल राहिलं ते केवळ दारातून बाहेर निघेना म्हणून. घराची भिंत ते आत आल्यावर बांधलेली.

छपाई अशी वारशानं आली. कागद मात्र मगनवाडीमुळे आला.

वर्ध्याच्या माणसाला मगनवाडी सांगावी लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. जमनालाल बजाजांचा हा संत्र्यांचा बगीचा. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली गेले, त्यांच्या नावानं ही जागा ओळखली जाऊ लागली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्यानं इथं बस्तान बसवलं. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, सचिव जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा मूळचे तंजावरकडचे, हिशेबनीस म्हणून शिकलेले, अमेरिकेत अर्थशास्त्र करून आलेले. अशा माणसानं संत्र्याच्या बागेत बसून तेलघाणी, गूळ, मधमाश्या आणि हातकागद यांचा पै-पैचा हिशेब मांडला. खेड्यातला पैसा खेड्यात कसा राहील, हा त्यांचा प्रश्न होता. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालय उघडलं. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथं नेलं होतं तेव्हा मी चरखे पाहून कंटाळले होते. परत गेले ती थेट बाबांचं ट्रेडल पुसून झाल्यावर, तेव्हा एवढंच शोधत होते की या यंत्राला शोभेल असा कागद कुठं मिळेल.

हातकागद मगनवाडीत जन्मला, असं मात्र कुणी समजू नये. दौलताबाद-खुलताबादकडे कागजीपुरा आहे. मुहंमद तुघलकानं राजधानी तिकडे हलवली त्या काळापासून तिथं कागद होतो, असं सांगतात. जुन्नरचा कागद नावाजलेला होता आणि पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा होता. पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल उलगडून पाहिले तर तो कागद अजून मऊ आणि चिवट लागतो, कारण त्यात तागाचे जुने दोर आणि गोणपाट कुटलेले आहेत. तो करायची रीतही वेगळी होती. हौद जमिनीत, कागदी त्याच्या काठावर उकिडवा. साच्यावर धातूच्या जाळीऐवजी गवताच्या काड्या ओवलेली चटई. ओले कागद मधे काहीही न घालता एकावर एक रचायचे, दाबायचे, मग एकेक सोडवून चुन्यानं गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चिकटवायचे. वाळल्यावर पेज लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. बोरू अडला नाही पाहिजे, शाई फुटली नाही पाहिजे, म्हणून ही सगळी मेहनत.

मगनवाडीच्या लोकांनी या जुन्या रीतीत बरेच प्रयोग केले. या विषयात पुढे नाव झालं ते के. बी. जोशी यांचं. त्यांचं कागद करण्यावरचं छोटं इंग्रजी पुस्तक ग्रामोद्योग संघानं मगनवाडीहून काढलं आणि पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. उभ्यानं काम करता येईल असा हौद, कुटायला बीटर, पाणी काढायला स्क्रूचा दाब, या सुधारणा आज कुठल्याही हातकागदाच्या कारखान्यात दिसतात. माझ्याकडेही तेच आहे, फक्त लहान. बीटरमध्ये एका वेळी दोन किलो माल मावतो.

हा माल म्हणजे चिंध्या. गावातले तीन शिंपी आमच्यासाठी पांढऱ्या सुती कातरणी बाजूला ठेवतात. आता शिंपी सुती म्हणून जे देतो त्यात निम्मं पॉलिस्टर असतं, यात त्याचाही दोष नाही, कारण गिऱ्हाईकच तसलं कापड आणतं. म्हणून मावशींसमोर पणती पेटलेली असते. शंका आली की चिंधीचा एक धागा ज्योतीत धरायचा. सुताचा असेल तर भुरकन जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. एकदा पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवलेल्या शिवणी तशाच कुटल्या गेल्या आणि अख्ख्या घाणीत पांढरे केस निघाले. ते कागदात बसत नाहीत, वर उभे राहतात आणि शाईच्या रोलरला चिकटतात. तेव्हापासून शिवण दिसली की कात्री.

कापूसच का, असं इथं कुणी विचारत नाही. हिंगणघाट, पुलगाव, देवळी ही नावंच कापसाची. पण कारण सांगायला हवं. कागद म्हणजे सेल्युलोजचे बारीक तंतू. कापसात ते नव्वद टक्क्यांच्या वर असतात. लाकडात आणि बांबूत त्यांच्यासोबत लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकूड ताठ उभं राहतं ते त्याच्यामुळे आणि वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं तेही त्याच्याचमुळे. शेजारी बल्लारपूरला बांबूपासून कागद करायचा तर रसायनं घालून, शिजवून ते काढून टाकावं लागतं. चिंधीत ते नसतंच. शिवाय कितीदा तरी धुतलेलं सुती कापड आधीच निम्मं काम करून आलेलं असतं. मला सगळ्यात आवडतो तो जुन्या धोतरांचा कागद, पण आता धोतरं उरली कुठं.

चिंध्या बोटाच्या पेरापेक्षा लहान कापून चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, धुवायच्या आणि बीटरमध्ये टाकायच्या. बीटरचं काम कापण्याचं नसतं, चेपून तंतू फुलवण्याचं असतं. फुललेल्या तंतूला बारीक लव फुटते, तो पाणी पितो आणि शेजारच्याला धरतो. कागदात डिंक नसतो हे ऐकून लोक चकित होतात. पाणी जसं निघून जातं तसे तंतू इतके जवळ येतात की त्यांचे रेणूच एकमेकांना बांधून घेतात. परत पाण्यात टाका, हलवा, की सुटले. पाच तासांनी मी चिमूटभर लगदा काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून हलवते आणि उजेडाकडे धरते. दुधासारखं एकसारखं दिसलं तर झालं. ढगासारखे पुंजके दिसले तर अजून एक तास.

मग साचा. लाकडी चौकट, तिच्यावर जाळी आणि वर सुटा काठ. उभा धरून हौदात घालायचा, पाण्याखाली आडवा करायचा आणि सरळ वर उचलायचा. पाणी जाळीतून गळायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. पाचवा सेकंद आपला नाही, तेव्हा हलवलं तर कागदाला घडी पडते. काठ काढताना कोपरावरून एक थेंब ओघळून ओल्या कागदावर पडला तर तिथं पातळ गोल डाग राहतो आणि वाळल्यावर तो उजेडात चंद्रासारखा दिसतो. मावशींच्या हातून महिन्यात एखादा थेंब पडतो. माझ्या हातून रोज.

साचा ओल्या ब्लँकेटवर उलटा दाबून उचलला की कागद खाली राहतो. वर दुसरं ब्लँकेट, पुन्हा कागद, अशी साठ-सत्तरांची चळत झाली की स्क्रूखाली. मावशी आणि मी दोघी दांड्याला लोंबकळतो तेव्हा कुठं पाणी निघतं.

इथपर्यंत आमचं काम कुठल्याही हातकागदवाल्यासारखं. फरक पडतो तो पुढच्या खोलीमुळे. पहिल्या वर्षी मी हौसेनं कागद घोटला, पेजही भरपूर लावली आणि बाबांच्या खिळ्यांवर चढवला. शाई वरच्या वर राहिली. दाब वाढवला तर सोळा पॉइंटच्या चार वेलांट्या चेपल्या. खिळ्याची उंची जेमतेम तेवीस मिलिमीटर, मऊ धातू, आणि वेलांटीचं टोक तर नखाएवढंही नाही. कागदात एखादा रेतीचा कण राहिला तर तो खिळ्यावर हातोडीसारखा पडतो. तेव्हा डोक्यात शिरलं की मी जुन्या रीतीनं केलेला कागद बोरूसाठीचा होता. बोरूला गुळगुळीत आणि टणक कागद लागतो, खिळ्याला मऊ आणि जरा ओलसर. पत्रिका छापायची असेल तर मी आता पेज जवळजवळ लावत नाही, घोटत तर नाहीच. छापण्याच्या आदल्या रात्री दर पाच कागदांमागे एक पाण्यात बुडवून घालते आणि चळत प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर पाटा ठेवते. सकाळी सगळे कागद सारखे दमट, हाताला गार लागतात पण ओले नसतात. असा कागद खिळ्याला स्वतःहून जागा देतो. निम्म्या शाईत आणि निम्म्या दाबात अक्षर काळंभोर उठतं. युरोपातले जुने मुद्रक शेकडो वर्षं असाच कागद भिजवून छापायचे. मला ते चार वेलांट्या गमावल्यावर कळलं.

वेलांट्या गमावणं परवडत नाही, कारण नवे खिळे मिळत नाहीत. देवनागरीचे खिळे ओतणाऱ्या फाउंड्र्यांचा काळ गेला. जावजी दादाजींचं मुंबईचं निर्णयसागर १८६९ चं. त्यांच्या टाइपाचं वळण अजून डोळ्यांत भरतं. पण देवनागरी जुळवणं हे इंग्रजीसारखं सोपं काम नव्हे. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा सगळ्यांचे खिळे वेगळे, एकूण खण कित्येक शे. बाबांच्या केसेसमध्ये तर एका ओळीला तीन मजले. मधल्या मजल्यावर अक्षरं, वरच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार, खालच्यावर उकार. म्हणजे एक ओळ जुळवायला तीन ओळी. आणि सगळं उलटं. बाबा स्टिक हातात धरून गप्पा मारत जुळवायचे. मला आजही प्रत्येक उकाराला मान खाली घालावी लागते.

या खिळ्यांचा त्रास मोठमोठ्यांनी घेतला आहे. टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणायची खटपट केली. आणि वर्ध्यानं तर लिपीच बदलून पाहिली. १९३५ नंतर काका कालेलकरांच्या पुढाकारानं अ-ची बाराखडी आली, म्हणजे इ, ई, उ यांचे वेगळे खिळे नकोत, अ-लाच वेलांटी-उकार लावा. राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तकं रद्दीत मिळाली तर उघडून पाहा, त्यात 'अिस', 'अुस' असे शब्द भेटतील. विनोबांची लोकनागरीही याच वाटेची. लहानपणी मला ती छपाईची चूक वाटायची. बाबा म्हणायचे, "चूक नाही ती, खणांची बचत आहे." पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिरात बहिणींनी स्वतःचा छापखाना चालवला, 'मैत्री' मासिक काढलं. साधनेत झाडणं, शेती आणि खिळे जुळवणं एकाच ओळीत बसणारी ही जागा मला देवळापेक्षा जास्त ओळखीची वाटते.

मी मात्र कट्टर नाही. लांब मजकूर असेल तर कॉम्प्युटरवर बसवून त्याची पॉलिमर प्लेट करून घेते आणि तीच ट्रेडलवर चढवते. खिळे राखून ठेवते नावांसाठी आणि शीर्षकांसाठी. काही जाणकार यावर नाक मुरडतात. त्यांनी एकदा तीन मजल्यांत 'स्नेहांकित' जुळवून दाखवावं.

गिऱ्हाइकांचंही एक गंमतशीर आहे. आता पत्रिका घ्यायला येणारी मुलं कागदावर बोट फिरवून विचारतात, "अजून खोल दाबता येईल का?" त्यांना अक्षर खड्ड्यात बसलेलं हवं असतं, कारण हातानं छापल्याची तीच खूण झाली आहे. बाबांच्या काळात तो गुन्हा होता. ते छापलेला कागद उलटा करून अंगठा फिरवायचे. मागे उठाव लागला तर यंत्र थांबवून पॅकिंगमधला एक पातळ कागद काढायचे. अक्षर कागदाला नुसतं टेकलं पाहिजे. मी मधला मार्ग काढला आहे. मुलांसाठी प्लेटवर दाबते, खिळ्यांवर नाही. किंमत ऐकून त्यातली निम्मी परत जातात. दोघी मिळून दिवसाला साठ-सत्तर कागद, त्यातले दहा फुकट, आणि ट्रेडलवर एकेक हातानं सरकवायचा. मावशींची मजुरी त्यातून आधी निघते, माझी नंतर. कुमारप्पांनी हा हिशेब तपासला असता तर पहिला भाग त्यांना पटला असता, दुसऱ्यावर भुवई उंचावली असती.

गेल्या वैशाखात मी पंचांग मोडलं. लग्न ऐन उन्हाळ्यातलं, ओळखीचं घर, नाही म्हणता आलं नाही. पहाटे चारला उठून खिडक्यांना ओलं गोणपाट लावलं. पहिल्या शंभर पत्रिका सुरेख निघाल्या. नंतर ऊन चढलं, फर्म्यातल्या लाकडी पट्ट्या सुकून आखडल्या आणि आवळलेला मजकूर सैल पडला. ते मला कळलं नाही. वरच्या मजल्यावरचा एक रफार रोलरनं अलगद उचलून नेला. पुढच्या दोनशे पत्रिकांवर 'आशीर्वाद'चं 'आशीवाद' झालं. मी बारा वाजता शाई पुसताना रोलरवर तो खिळा चिकटलेला पाहिला, तेव्हा मावशी शेवटची चळत बांधत होत्या. त्यांना वाचता येतं, पण उन्हात त्यांनीही पाहिलं नव्हतं. "कायले रडता ताई," त्या म्हणाल्या, "चिंधीच तर हाय."

दोनशे कागद पुन्हा हौदात गेले. पत्रिका दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर छापल्या, पहाटे तीनला उठून. भिजवलेल्या कागदाचा लगदा झाला, पण तेलातली शाई काही विरघळली नाही. तिचे बारीक काळे कण सगळीकडे पसरले. तो कागद फिकट राखाडी निघाला, तिळासारखे ठिपके असलेला. दिवाळीत एका पाहुणीनं तो उजेडाकडे धरला आणि हाच हवा म्हणाली, शंभर वह्यांची कव्हरं. हे ठिपके कसे पाडता, तिनं विचारलं.

मी सांगायच्या आत मावशी म्हणाल्या, "रफार पडला का पडतात."